धावांची वही

माझ्या कपाटात, जुन्या पंचांगांच्या आणि विम्याच्या कागदांच्या शेजारी, लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या आहेत. त्या हिशेबाच्याच वह्या आहेत. मात्र त्यांत रुपये-पैसे नाहीत, धावा आहेत. साखर कारखान्याच्या लेखा विभागात छत्तीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाला दुसरा छंद तरी कोणता जडणार? दिवसभर कारखान्याची कीर्द-खतावणी लिहावी आणि रात्री घरी येऊन क्रिकेटची, असा माझा क्रम होता. आता वय 76 आहे. कारखान्याचे आकडे विसरलो, या वह्यांतले अजून पाठ आहेत.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे 23 ऑगस्ट 1971. त्या दिवशी ओव्हलवर चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव 101 धावांत संपला. विजयासाठी आपल्याला 173 धावा हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सांगलीत गल्लोगल्ली गणपती बसत होते आणि आमच्या घरी पंचमीपासून सुरू होणाऱ्या दशलक्षण पर्वाची आवराआवर चालली होती. तिकडे लंडनमध्ये कोणा उत्साही मंडळींनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, हे आम्हांला मागाहून वर्तमानपत्रांतून कळले. आम्हांला ठाऊक होती ती फक्त शेजारच्या घरातल्या रेडिओची खरखर. लघुलहरींवर बीबीसीचे समालोचन यायचे. ते मध्येच लाटेसारखे वर चढे, मध्येच बुडून जाई. आदल्या दिवशी 45 धावांवर नाबाद असलेला वाडेकर त्या दिवशी एकही धाव न वाढवता धावबाद झाला, तेव्हा आवाज नेमका बुडाला होता. बाद कोण झाले हे कळायला आम्हांला पाच मिनिटे लागली, आणि ती पाच मिनिटे मी अजून विसरलेलो नाही. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपून पुन्हा रेडिओभोवती बसलो. दिवेलागणीनंतर आबिद अलीने विजयाचा चौकार मारला, तेव्हा गल्लीतल्या आरतीच्या टाळ्या कोणत्या आणि आमच्या कोणत्या हे सांगता आले नसते.

घरी परतलो तर दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. माणूस अबोल. खेळात त्यांना रस नव्हता आणि माझ्या या वेडावर ते नाराज असावेत, असे मला वाटे. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “यात पैसे लावलेस का?” तो मटक्याचा काळ होता. उघडणारा आकडा आणि बंद होणारा आकडा यांची चर्चा चहाच्या टपरीपासून बाजारपेठेतल्या दुकानांपर्यंत सर्वत्र चाले, आणि आमच्या नात्यातले एक भरभराटीचे दुकान त्यात बुडाले होते. मी म्हणालो, “नाही, दादा.” “मग ऐक,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव सर्वांत पहिले का येते, हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही. विचारायला हवा होता, असे आता वाटते.

वही लिहिण्याची माझी एक पद्धत होती. सामना सुरू होण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर लाल शाईने माझे भाकीत लिहायचे: कोण जिंकेल, कोण चालेल. त्याखाली निळ्या शाईने प्रत्यक्ष घडलेले. भाकीत करण्याचा हा मोह मला फार लवकर जडला. तो निरुपद्रवी आहे अशीच माझी समजूत होती.

आमचा मुलूख खरे तर कुस्तीचा. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून आले, ते आमच्या शाळेच्या दिवसांतले. तरीही क्रिकेटशी सांगलीचे नाते नवे नाही. विजय हजारे यांचा जन्म सांगलीचा, 1915 चा. ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारा हा माणूस. 1952 साली मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तेच होते. आणि शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर! 1948 च्या डिसेंबरात पुण्याला काठेवाडविरुद्ध ते 443 धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आला असताना प्रतिस्पर्धी संघाने पुढे खेळायलाच नकार दिला. निंबाळकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. माझ्या वह्यांपूर्वीची ही गोष्ट, म्हणून ती वहीत नाही. पण नातवाला मी सांगितलेली पहिली क्रिकेटची गोष्ट हीच. तो तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने विचारले होते, “आण्णा, नऊच धावा राहिल्या होत्या, तर त्यांनी थांबायचं ना?” मला त्या प्रश्नाचे फार कौतुक वाटले होते.

वहीत एक खंड आहे. एप्रिल 2000 मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिए या दक्षिण आफ्रिकेच्या कर्णधाराचे नाव सामने विकण्याच्या प्रकरणात जाहीर केले. प्रथम माझा विश्वास बसला नाही. क्रोनिए हा माझा आवडता कर्णधार. त्याच्या सरळपणाचे दाखले मी कचेरीत देत असे. नंतर त्याने स्वतःच कबुली दिली. त्या दिवशी मी वही मिटली. आपण इतकी वर्षे जे इमानाने टिपून ठेवले, त्यातले किती खरे होते आणि किती आधीच कुणाच्या वहीत लिहिलेले होते, हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. हिशेबनिसाला याहून मोठा अपमान नाही. जवळजवळ वर्षभर मी काही लिहिले नाही. मग मार्च 2001 मध्ये कोलकात्याला लक्ष्मणने 281 केल्या, द्रविडने 180. फॉलोऑन मिळालेल्या संघाने लागोपाठ सोळा कसोट्या जिंकून आलेल्या ऑस्ट्रेलियाला 171 धावांनी हरवले. असे कोणाला ठरवून करता येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली आणि नवी वही आणली.

आता मूळ विषयाकडे येतो. तो टाळत होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

माझा नातू पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीला आला की आम्ही दोघे दूरचित्रवाणीपुढे बसतो. मागच्या दोन-तीन वर्षांत त्याचे सामना पाहणे बदलले होते. डोळे पडद्यापेक्षा हातातल्या फोनवर अधिक असत. एकदा भारताचा चांगला जमलेला फलंदाज बाद झाला आणि हा “येस!” म्हणून ओरडला. मी चमकून पाहिले. तो हसून म्हणाला, “आण्णा, तो बॉलर माझ्या टीममध्ये आहे.” मग त्याने समजावले. दोन्ही संघांतून मिळून आपण आपले अकरा खेळाडू निवडायचे, त्यांच्या कामगिरीवर गुण मिळतात, आपण ज्याला कर्णधार नेमू त्याचे गुण दुप्पट होतात. मला ते गमतीचे वाटले. निवड समितीवर बसण्याची हौस कोणत्या क्रिकेटवेड्याला नसते? पैशाचा विषय त्याने काढला नाही आणि मीही विचारले नाही. दादांनी मला विचारलेला प्रश्न मी त्याला विचारला नाही.

उलट मी त्यात रमलो. तो पुण्याहून संध्याकाळी फोन करी, “आण्णा, आज कोण चालेल?” या वयात नातू आपल्याला मत विचारतो याचे सुख काय सांगावे! खेळपट्टी कशी आहे, दव पडेल का, डावखुऱ्यांपुढे कोणता फिरकी गोलंदाज टिकेल, हे सारे मी अभ्यास करून सांगू लागलो. कधी कधी वह्या काढून जुने आकडेही देई. गतवर्षी माझ्या पंचाहत्तरीला त्याने मला एक उत्तम रेडिओ आणून दिला. जुन्या घाटणीचा, लाकडी पेटीचा, पण आतून सारे नवे. मी तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवला.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. 20 तारखेला लोकसभेत, 21 तारखेला राज्यसभेत, 22 तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरी. इतक्या वेगाने कायदे होताना मी फारसे पाहिलेले नाही. भारतीय संघाच्या छातीवरील प्रायोजकाचे नावही त्यापायी गेले आणि सप्टेंबरातील आशिया चषकात आपले खेळाडू कोऱ्या छातीने खेळले. मी वर्तमानपत्र वाचत होतो, तेव्हा नातू पर्वासाठी घरी आलेला होता. त्याचे जेवणाकडे लक्ष नव्हते. अभिषेकाच्या वेळी त्याच्या आजीने विचारले, “गळ्यातली साखळी कुठे आहे रे?” तो म्हणाला, पुण्याला राहिली.

क्षमावाणीच्या दिवशी घरातले सर्वजण एकमेकांची क्षमा मागतात. बहुतेक वेळा तो एक प्रेमळ उपचारच असतो. वर्षभरात सुनेने सासऱ्यावर आणि सासऱ्याने सुनेवर केलेली कुरकुर त्यात वाहून जाते. नातू माझ्या खोलीत आला, दार लोटले, वाकला आणि उठलाच नाही. 1 लाख 40 हजार रुपये. वसतिगृहाच्या शुल्कातले काही, मित्रांकडून घेतलेले काही, आणि आजीने दहावीनंतर दिलेली साखळी एका सराफाकडे गहाण. कायदा झाल्यावर ते खेळ बंद झाले आणि ‘पुढच्या सामन्यात सारे भरून काढू’ ही वाटही बंद झाली, म्हणून तो आता सांगत होता. नाहीतर सांगितले असते का? त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले, “माहीत नाही, आण्णा.”

मी त्याला रागावण्याची तयारी करत होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “तुम्ही सांगितलेलेच लावायचो. तुम्हांला एवढं कळतं, म्हणून.”

त्यानंतर बराच वेळ मी काही बोललो नाही.

त्या रात्री वह्या काढल्या. न्यायालयांतून अनेक वर्षे वाद झाला की हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, आणि कौशल्याचा असल्यास तो जुगार नव्हे. मी माझे कौशल्य मोजायचे ठरवले. शेवटच्या शंभर सामन्यांतील लाल शाईची भाकिते निळ्या शाईशी ताडून पाहिली. अनिर्णित व पावसाने धुतलेले सामने वगळून मागचे घेतले, शंभर पुरे केले. सामना कोण जिंकणार हे मी 54 वेळा बरोबर सांगितले होते. शाळकरी पोराने नाणे उडवून सांगितले असते तरी यापेक्षा फार वाईट निघाले नसते. ‘कोण चालेल’ या रकान्यात तर स्थिती आणखी बिकट होती. अर्धशतकाहून अधिक काळाच्या व्यासंगाचे मोल इतकेच! आणि या मोलावर माझ्या नातवाने आजीची साखळी लावली होती. बरे, भाकीत चुकल्याचे मला कधी दुःख झाले नाही, कारण चुकले की खेळ अधिक रंगतो. जे चुकले तर गंमत, तेच दुसऱ्या खोलीत बसलेल्या पोराला फास होत होते, आणि मी फोनवर दव पडेल की नाही ते सांगत होतो.

रेडिओही त्याच पैशांतला. एकदा बारा हजार जिंकले होते, त्यातला. हे त्याने न विचारता सांगितले.

या काळात वर्तमानपत्रांतही खेळाच्या पानावर खेळाखेरीज सारे असे. जूनमध्ये बंगळुरूला विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत मैदानाबाहेर 11 जण दगावले. अठरा वर्षे वाट पाहून मिळालेला चषक आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रेते. सप्टेंबरात आशिया चषकात आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानच्या खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. पहलगामच्या जखमा ताज्या होत्या हे मी जाणतो, आणि ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्यापुढे माझ्यासारख्याने बोलू नये. तरीही जुन्या प्रेक्षकाचे मत विचाराल तर खेळायचे नसेल तर खेळू नये; खेळलो तर शेवटी हात पुढे करावा. माझ्या चिरंजीवांना हे मत मुळीच पटत नाही. जेवताना आमचा वाद झाला तो झालाच.

एक गोष्ट मात्र मनात सारखी येत राहिली. 1952 साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गहाण तेही होते आणि गहाण हेही. नातवाला मी ही गोष्ट पूर्वी सांगितली होती. या वेळी सांगितली नाही. त्याला टोमणा वाटला असता.

पैसे कसे फेडायचे याचा हिशेब मात्र आम्ही दोघांनी बसून केला. घरात सर्वांना त्यानेच सांगायचे, ही माझी अट होती. आजीला सांगताना त्याचे पाय कापत होते. ती एवढेच म्हणाली, “साखळी आधी सोडव, मित्रांचे नंतर बघू.” मी म्हणालो, आधी मित्रांचे. याबाबतीत आमचे अजून एकमत नाही. तो सध्या शनिवार-रविवारी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेतो. मित्रांचे पैसे पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत फिटतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, आणि माझ्या अंदाजांचे काय होते ते वर लिहिले आहेच.

मग 2 नोव्हेंबरचा रविवार आला. महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबईत, आणि सलामीला आमच्या माधवनगरची स्मृती मानधना. इथल्याच मैदानांवर बॅट फिरवायला शिकलेली ही मुलगी. 2013 मध्ये एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने गुजरातविरुद्ध नाबाद 224 केल्या, त्याची नोंद माझ्या नवव्या वहीत आहे. नातू दिवाळीला आलेला होता, थांबला. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला. तेवढ्या वेळात मी त्याला अमोल मुजुमदारची गोष्ट सांगितली, कारण संघाचा प्रशिक्षक तोच. 1988 मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांची 664 धावांची भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा हा. रणजीच्या पहिल्याच सामन्यात 260 केल्या, पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांवर धावा जमवल्या, तरी भारताची टोपी कधी मिळाली नाही. नातू म्हणाला, “निंबाळकरांसारखंच.” त्याला आठवण होती तर.

स्मृती 45 वर बाद झाली तेव्हा घरात हळहळ झाली, पण सलामीला शंभरावर धावा लागल्या होत्या. प्रतिका रावल जायबंदी झाल्याने ऐनवेळी बोलावलेल्या शफाली वर्माने 87 केल्या. आपल्या 298. सूर्यास्तापूर्वी जेवणे झाली होती, त्यामुळे रात्री उठायचे कारण नव्हते. ही पाण्यासाठीही हलली नाही. वोल्वार्ट शतक करून उभी होती तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग अमनजोतने तिचा उंच उडालेला झेल धरला: एकदा निसटला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा एका हातात राहिला. नातू खुर्चीवरून उठून उभाच राहिला होता. त्याचा फोन जवळ नव्हता. कुठे होता कोण जाणे. पुष्कळ दिवसांनी त्याने सबंध सामना डोळ्यांनी पाहिला. मधून मधून त्याचा उजवा हात आपोआप खिशाकडे जात होता, हेही मी पाहिले. बोललो नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. दीप्ती शर्माचा तो पाचवा बळी. दक्षिण आफ्रिका 246, आपण 52 धावांनी विजयी. ही डोळे पुसत होती. 2005 मध्ये याच स्पर्धेत उपविजेत्या ठरलेल्या मुलींना सामन्यामागे एक हजार रुपये मिळाले होते, असे मिताली राजने सांगितल्याचे मी तिला म्हणालो, तर ती म्हणाली, “आता गप्प बसा, बघू द्या.” पडद्यावर चाकाच्या खुर्चीत बसलेली प्रतिका मैत्रिणींबरोबर नाचत होती.

बाहेर फटाके सुरू झाले. मला ते एरवी आवडत नाहीत. त्या रात्री चिरंजीवांनी खिडकी लावायला घेतली, तर मी म्हणालो, राहू दे.

वही पुढ्यात घेऊन आकडे उतरवत होतो. नातू शेजारी येऊन बसला. पानाचा माथा कोरा पाहून म्हणाला, “आण्णा, आज वर काही लिहिलं नाहीत?”

“राहून गेले,” मी म्हणालो.

लाकडी पेटीचा तो रेडिओ कपाटाच्या वरच्या खणात आहे. विकावा, कोणाला द्यावा की ठेवावा, मला ठरवता आलेले नाही. नातवाने वही स्वतःकडे ओढली आणि बोट ठेवून ठेवून बेरीज तपासू लागला. अवांतर धावांत माझी एका धावेची चूक निघाली.